तिकडचा पाऊस

माझ्या मामाला अख्खा धान्यबाजार 'हवामान' म्हणायचा. तो गल्लीच्या तोंडाशी दिसला की हमाल एकमेकांना सांगायचे, "हवामान आलं रे!" आणि मामाची मान खाली असली तर, "आज बिघडलंय." मामाला राग यायचा नाही. पेढीच्या पायऱ्या चढताना तो मागे वळून विचारायचा, "बोला, काय देऊ? ऊन की ढग?"

तो तेलबियांचा दलाल, मुख्यतः सोयाबीनचा. एका बाजूला माल विकणारा, दुसऱ्या बाजूला तेलगिरणीवाला, मध्ये मामा. "माल आपला नाही, भाव आपला नाही," तो मला सांगायचा. "आपली फक्त जीभ. आणि दाढ." दाढ म्हणजे खरोखरची दाढ. नमुन्याच्या थाळीतला एक दाणा उचलून तो दाढेखाली फोडायचा. 'कट्' असा कोरडा आवाज आला तर माल सुका, दाणा नुसताच दबला तर ओला. मी बाजाराच्याच प्रयोगशाळेत ओलावा मोजणारी यंत्रं सांभाळते. माझं यंत्र आणि मामाची दाढ यांचं भांडण ठरलेलं, आणि बहुतेक वेळा यंत्रच जिंकायचं. "तुझ्या यंत्राला कीड लागलेली दाढ नाही ना भाचीबाई, म्हणून," असं म्हणून तो चहा मागवायचा.

'हवामान' हे नाव मात्र ताईमुळे पडलं.

ताई म्हणजे मामाची एकुलती एक मुलगी. मामी लवकर गेली. त्यानंतर घरात हे दोघंच, आणि हट्टाला दोघंही एकमेकांना भारी. ताई शिकली, समुद्रापलीकडच्या एका देशात बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला गेली आणि तिथंच लग्न केलं. मामाचा नोकरीलाही नकार होता, लग्नालाही. ती गेली आणि बोलणं तुटलं. मामाच्या तोंडून तिचं नाव निघेना. आम्ही काढलं तर तो उठून पोती मोजायला जायचा.

वर्ष उलटून गेल्यावर एका सकाळी पेढीवरचा फोन वाजला. मामानं उचलला. पलीकडून ना कसे आहात, ना मी बोलतेय. एवढंच आलं : "बाबा, इथं पाऊस नाही."

मामानं विचारलं, "किती दिवस?"

"बरेच झाले. शेंगा धरल्यात, पण दुपारी पानं वळतात."

ताईचं गाव सोयाबीनच्या शेतांच्या मधोमध होतं. बाहेर विकण्याइतकं सोयाबीन जगात मोजकेच देश पिकवतात, आणि तो त्यांतला एक. शेंगा भरायच्या दिवसांत तिकडं पावसानं दडी मारली की इकडं तेलाचा भाव चढतो. माल यायला जहाजाला आठवडे लागतात, पण भाव जहाजाची वाट बघत नाही. तो बातमीवर चढतो आणि बातमीवरच उतरतो. मामानं त्या दिवशी आपल्या गिरणीवाल्यांना सांगितलं, माल आत्ताच उचला. थोड्याच दिवसांत भाव वर गेला आणि मामाचं बाजारात नाव झालं.

नावापेक्षा मोठी गोष्ट ही की बापलेकीला बोलायला विषय मिळाला. त्यानंतर ताईचा फोन रोज येऊ लागला. इथली सकाळ, तिथली संध्याकाळ. मामा फोन मुद्दाम स्पीकरवर ठेवायचा, म्हणजे पेढीवरच्या सगळ्यांना ऐकू जावं.

"पाऊस?"

"शिंतोडे, बाबा. माती वरवर भिजली, खाली कोरडी."

किंवा, "धो धो. शेतातून चालताना बूट अडकून बसला."

"एक का दोन्ही?"

"एक. दुसरा हातात होता."

पेढी हसायची. मामानं तिला जेवलीस का असं कधी विचारलं नाही, आणि तिनंही त्याच्या गुडघ्याची चौकशी केली नाही. सगळं त्या एका 'पाऊस?' मध्ये बसवलेलं असायचं. मला ते फार गोड वाटायचं.

समोरच्या पेढीवर मामाचा जुना स्पर्धक बसायचा. त्याच्या जाड भिंगांमुळे सगळे त्याला चष्मा म्हणत. चष्म्याच्या टेबलावर दोन पडदे होते, एकावर परदेशातले भाव, दुसऱ्यावर ढगांचे नकाशे. तो मामाला चिडवायचा, "हवामान, तुझी वेधशाळा आज उठली का?"

"उपग्रह वरून बघतो," मामा म्हणायचा. "माझी पोर खिडकीतून बघते. पावसाला वरून काय ओळखणार?"

अशी काही वर्षं गेली. मग एका हंगामाच्या सुरुवातीलाच मामा फोनवर म्हणाला, "यंदा तेजी आली ना, की येतो तुझ्याकडं."

पेढीवर आरोळ्या उठल्या. ताई हळूच म्हणाली, "खरंच?"

"खरंच म्हणजे काय! तू फक्त पावसाकडं लक्ष ठेव."

"ठेवते," ती म्हणाली.

तिकिटाचे पैसे मामाकडे तसेही होते. हे मलाही माहीत होतं, ताईलाही असणार. पण इतकी वर्षं 'कसला येतोय मी तिथं' म्हणणाऱ्या माणसाला उठून जायला काहीतरी निमित्त लागतं. बाजारच म्हणाला जा, म्हणून गेलो, असं त्याला हवं होतं. त्यासाठी त्यानं स्वतःचाच नियम मोडला. भाड्यानं गोदाम घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर सोयाबीन भरलं. आता तिकडं पाऊस पडला नाही की मामा विमानात बसणार, एवढं ते सरळ होतं.

"पाऊस?"

"नाही, बाबा."

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मामाचा आवाज रोज थोडा मोकळा व्हायचा. ताईचा मात्र बारीक होत चालला होता. मध्येच खोकायची.

"काय गं?"

"धूळ फार उडते. पाऊस नाही ना."

"धूळ!" मामा पेढीभर नजर फिरवून म्हणाला. "ऐकलंत? धूळ उडतेय तिकडं!" त्या दिवशी त्यानं सगळ्यांना चहा पाजला. शिवाय बाजारातून एक नवी बॅग आणली आणि पेढीच्या कपाटावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

एका सकाळी चष्मा स्वतः रस्ता ओलांडून आला. चिडवायला नव्हे. "हवामान, माझं ऐक. तिकडं चार दिवस पाऊस लागलाय. थोडा तरी माल काढ."

"तुझी भिंगं पुस."

"अरे, मस्करी नाही करत."

"पोर कालच बोलली माझ्याशी. कोरडं आहे."

पुढच्याच आठवड्यात बातमी पक्की झाली. ऐन शेंगा भरायच्या वेळी तिकडं भरपूर पाऊस झाला होता आणि पीक उत्तम येणार होतं. त्यात आपल्या सरकारनं बाहेरून येणाऱ्या तेलावरचा कर उतरवला. पायऱ्यांवरून घागर सुटावी तसा भाव गडगडला. मामानं गोदाम रिकामं केलं ते घाबरलेल्या माणसासारखं, मिळेल त्या भावानं.

त्या सकाळी फोन आला तेव्हा मामानं 'पाऊस?' असं विचारलं नाही.

"खिडकी उघडायला हात दुखत होते का तुझे?" तो ओरडला. "एक काम सांगितलं होतं. एक!"

"चुकलं, बाबा."

"चुकलं म्हणे! कोरडं आहे, धूळ आहे! समोरचा आंधळा चष्मासुद्धा खरं सांगतो मला!"

"उद्या नीट बघून सांगते."

"नको सांगूस. आता कसला येतोय मी!"

त्यानं फोन आपटला. स्पीकर चालूच होता, त्यामुळे सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं. हमाल खाली बघत बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. मामा ती वेळ टळेपर्यंत फोनसमोर बसला आणि मग थाळ्या उगाच पुसत राहिला. असे काही दिवस गेले. मी म्हटलं, "तूच कर ना." तर म्हणाला, "तिला यंदा माहीतच काय आहे सांगण्यासारखं?"

मग भावजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा फोन आला. मामाशी ते पूर्वी कधी बोललेच नव्हते. मी तेव्हा नमुने न्यायला पेढीवर गेले होते.

"बाबा, ती रुग्णालयात आहे. फुप्फुसाचं आहे. डॉक्टर आता फार काही बोलत नाहीत."

मामाच्या तोंडून तेच निघालं. "किती दिवस?"

"शेंगा धरल्या तेव्हापासून." भावजी सांगू लागले. "तिच्या खोलीला खिडकीच नाही, बाबा. रोज संध्याकाळी मला विचारायची, बाहेर कसं आहे. मी खरं तेच सांगायचो, पाऊस पडतोय म्हणून. आणि तुम्हाला फोनवर सांगायची, नाही. मी म्हटलं, खोटं कशाला? तर म्हणाली, पाऊस नसला तर बाबा येणार आहेत."

"मला आजारपण का नाही सांगितलं?"

"तिला ते नको होतं. म्हणाली, आजारी आहे म्हणून नको, यायचंय म्हणून येऊ देत."

मामा खुर्चीत बसला. पुन्हा उठला. "तिला दे," म्हणाला, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं स्पीकर बंद केला. त्यामुळे पुढचं मला एकाच बाजूचं ऐकू आलं.

"पोरी," तो म्हणाला, आणि अडकला. दुसरा विषयच नव्हता त्याच्याकडे. फोनची तार ताणत तो खिडकीशी गेला. भुशाची धूळ आत येते म्हणून ती कायम बंद असायची. त्यानं खांद्यानं रेटून ती उघडली.

"इथलं सांगतो. ऊन आहे. पण कडक नाही, मवाळ. समोरच्या पत्र्यावर दोन कबुतरं बसलीत. पश्चिमेला ढग आहे, एकच, पोत्यासारखा, तोंड न शिवलेला. वारा... थांब हं." त्यानं हात बाहेर काढला. "वारा आहे थोडा. चष्मा दारात उभा आहे बघ, इकडंच बघतोय. टक्कल चमकतंय त्याचं. ऐकतेयस ना? येतोय मी. भाव गेला खड्ड्यात. ढग जरा सरकला बरं का. आता गिरणीच्या धुराड्यामागं गेला."

तो बोलत राहिला. तिकडून काही उत्तर येत होतं की नाही, कोण जाणे. मी थाळी हातात धरून उभी होते.

प्रवासाची कागदपत्रं व्हायला वेळ लागला. मामा नव्या बॅगेत कपडे भरत होता तेव्हा भावजींचा पुन्हा फोन आला. ताई गेली होती.

तिकीट त्यानं रद्द केलं नाही. गेला आणि परत आला. काय बघितलं, काय केलं, काही सांगितलं नाही. एकदाच, मी त्याच्या गुडघ्याला तेल लावत असताना, आपणहून म्हणाला, "तिच्या घराला मोठी खिडकी आहे. समोर शेतच शेत. आधी खरंच बघून सांगायची."

त्या हंगामाचा माल पुढं जहाजानं आला. बंदरातून ट्रक बाजारात आले, आणि नमुन्याची थाळी मामासमोर आली. पोत्यांवर त्या देशाचं नाव छापलेलं होतं. भाव ऐकायला लोक जमले होते. चष्माही येऊन मागं उभा राहिला होता.

मामानं बोटांनी दाणे पसरले. मोठे, गोल, एकसारखे होते. त्यातला एक त्यानं दाढेखाली धरला. आवाज आला. तो बराच वेळ चावत राहिला.

"यंत्र काय म्हणतं?" त्यानं मला विचारलं. मी आकडा सांगितला. त्यानं वाद घातला नाही.

"मग काय भाव धरायचा, शेठ?" गिरणीचा माणूस म्हणाला.

मामा थाळीकडेच बघत होता.

"दाणा भरलाय," तो म्हणाला. "पाऊस चांगला झाला होता तिकडं."