नंबर लागला का

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंची मुलगी बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला नर्सिंगला जायचं होतं. फॉर्म ऑनलाइनच भरायचा होता. त्यांच्या घरात बटणांचा एकच फोन, तोही रिचार्ज संपला की महिनाभर मुका. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये माणसं तीन आणि फोन चार. मी लॅपटॉप उघडून फॉर्म भरला आणि मोबाइलच्या रकान्यात माझा नंबर टाकला. "काळजी करू नका," म्हणालो, "मेसेज आला की सांगतो."

मग बाई रोज विचारायच्या, "सायेब, पोरीचा नंबर लागला का?"

"अजून नाही."

एकदा कढई घासता घासता म्हणाल्या, "पोरीचा नंबर तुमच्या नंबरात अडकून बसला जणू." मी हसलो.

खरं सांगायचं तर 'अजून नाही' म्हणताना मी फोन उघडूनही बघत नव्हतो. विमा, कर्ज, सेल, दिवसभर मेसेज येतात म्हणून त्यांचा आवाजच बंद केला होता. माझ्या मुलाच्या इंजिनिअरिंगच्या याद्या लागायच्या तेव्हा मात्र मी ऑफिसचं काम बाजूला सारून तासातासाला बघत होतो.

एका संध्याकाळी गॅसच्या बुकिंगचा मेसेज शोधताना तो सापडला. तिचा नंबर लागला होता, सरकारी कॉलेजात. जागा पक्की करायची मुदत संपून चार दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी चौकशी केली. जागा नको असं धरून ती पुढच्या मुलीला दिली होती.

त्याच्या दुसऱ्या सकाळीही बाईंनी विचारलं. मी म्हणालो, "नाही लागला."

त्यांनी नळ बंद केला. पदराला हात पुसत म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. तुमी तरी लई केलं."

मुलगी आता मावशीजवळ बसून विड्या वळते. आईला ताप आला की कामाला तीच येते. साबणाने धुतले तरी तिच्या हातांचा तंबाखूचा वास जात नाही. परवा ताटं पुसता पुसता म्हणाली, "काका, माझेच मार्क कमी पडले की. यंदा परत भरूया फॉर्म. नंबर तुमचाच टाका."

मी बरं म्हणालो. तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे.