दोरावरचं नाव

त्यानं जार उचलला, बूच काढलं आणि वीस लिटर पाणी माझ्या डोळ्यांदेखत खडकावर ओतून दिलं.

घाईनं नाही. रागानं नाही. कुंडीला पाणी घालावं तसं, निवांत. आमच्या धाराशिव जिल्ह्यात माणूस एक वेळ रक्त सांडेल, पण पाणी सांडताना दहादा विचार करेल. हे मी फुगवून सांगतोय, मला ठाऊक आहे. फुगवायची मला खोडच आहे. पण ओतलं ते पाणी वीस लिटरच होतं. त्यात मी एक थेंब वाढवलेला नाही.

जार आणणारा म्हातारा चार पावलांवर उभा होता. खांद्यावरून जार आणल्यानं त्याचा सदरा एका बाजूनं ओला झाला होता. तो माझा बाप होता.

आणि मी म्हणालो, "चुकलं, सर."

बापाला नाही. पाणी ओतणाऱ्याला.

हे इथवर कसं आलं ते सांगतो.

मी माणसांना कडा चढवतो. येडशीच्या पुढं बालाघाटात एक कडा आहे, दीडशे फुटांचा. पाव्हण्यांना मी दीड हजार सांगायचो. वर पोचल्यावर खाली वाकून बघितलं की तेही दीड हजारच म्हणायचे. दोराची विद्या मला पवनचक्क्यांनी शिकवली. कळंबला बारावी केली, नोकरीचा पत्ता नव्हता, तेव्हा पवनचक्कीच्या पात्यावर लटकून ते पुसायचं काम मिळालं. तिथून जमीन एवढीशी दिसते आणि जमिनीवरची माणसं तर दिसतच नाहीत. बरं वाटायचं. पुढं गिर्यारोहणाचा कोर्स केला आणि साहसी सहली काढणाऱ्या एका कंपनीत लागलो. मालकाला आम्ही सर म्हणायचो, पाव्हण्यांनाही सरच.

पहिल्या दिवशी सरांनी माझं आधार कार्ड हातात घेतलं. आडनावापाशी थांबले. कार्ड परत दिलं आणि म्हणाले,

"तुझं काम एक नंबर आहे. मला काही वाटत नाही, मी असलं मानत नाही. पण लोक येतात सगळीकडचे. तुझ्या हातचं खाणार, पिणार. तू दोरावर पाटील म्हणून राहा. कुणाचं काय जातंय?"

कुणाचं काय जातंय. मलाही तेच वाटलं. लाज वाटायला हवी होती. मला उलट गंमत वाटली. फुकटात पाटीलकी मिळाली! आणि घेतली ती सव्याज घेतली. आमच्या घराला ऐंशी खोल्या होत्या, त्यातल्या चाळीस अजून कुणी उघडून बघितल्या नाहीत. आजोबांच्या लग्नात हत्ती वेशीतून आत येईना म्हणून वेस पाडली. पणजोबांनी ह्या कड्यावर सरळ घोडा घातला. कड्याच्या मध्यावर एक खळगा आहे, चढताना पाय ठेवायला बरा पडतो. तो मी घोड्याची टाप म्हणून दाखवायचो. पाव्हणे त्याला हात लावून नमस्कार करायचे.

खरं म्हणजे आमचं घर दोन खोल्यांचं. भीमनगरात. त्यातली एक पावसाळ्यात गळते.

दोराच्या कामात एक रीत आहे. कड्यावर एका वेळी दोन-तीन दोर सुटलेले असतात. वारं असतं. कोण कुणाला 'ओढ' म्हणतंय, कोण 'सोड' म्हणतंय, काही कळत नाही आणि चुकीचा दोर सुटला तर माणूस जातो. म्हणून दोराला बांधलेल्या माणसानं आधी दोर धरणाऱ्याचं नाव घ्यायचं. "पाटील, तयार?" मी "तयार" म्हणालो की मगच त्यानं पाय उचलायचा. नाव आधी, पाय नंतर. ही रीत मीच बसवली होती. मग दिवसभर सगळा कडा 'पाटील, पाटील' करत राहायचा. ऐकून ऐकून मला वाटायला लागलं होतं, असेन बाबा मी पाटील.

पाणी आणून द्यायचं काम शेजारच्या वाडीतल्या एका माणसाकडं होतं. त्या दिवशी त्याला ताप आला. त्यानं मला कळवलं नाही, आमच्या घरी निरोप दिला. दादा निघाले. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो. पोराचं काम अडू नये म्हणून पासष्टीचा माणूस दोन जार घेऊन निघाला. एक ठेवून दुसऱ्यासाठी परत फिरायचं, असं करत करत दोन्ही जार कड्याखाली आणले. मला खबर नाही. मी चढणाऱ्यांच्या कमरेला बांधायचे पट्टे मोजत होतो.

एका पाव्हण्यानं हाक मारली, "अहो पाटील!"

दादांनी जार खाली ठेवला, डोक्याची टोपी नीट केली आणि वाटेतून बाजूला झाले. मागं वळून बघायला लागले. कोण पाटील आला म्हणून.

मागं कुणी नव्हतं. "आलो, आलो," असं म्हणत त्यांचा पोरगा पुढं गेला.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. फार नाही. एक श्वास घ्यायला लागतो तेवढंच.

इथं एक सांगायला पाहिजे. आमच्या घरात 'जी' म्हणायला बंदी होती. माझ्या आजोबांनी जन्मभर पाटलाच्या ओट्याखाली उभं राहून 'जी' म्हटलं. दादा हाताशी आले तेव्हा त्यांनी तो शब्द घरातून हाकलून दिला. लहानपणी मी एकदा मास्तरांच्या निरोपाला 'जी' म्हणालो, तर घरी आल्यावर कानाखाली बसली होती. "सायेब म्हण, गुरुजी म्हण, न्हायतर हू म्हण. पर जी म्हणायचं न्हाय." एवढा एकच कायदा आमच्या घरात होता.

निळं जाकीट घातलेला एक गृहस्थ होता. चाळिशीचा, पुण्याचा, गोड बोलणारा. तो जारातून बाटली भरायला आला.

"काका, नाव काय आपलं?"

दादांनी नाव सांगितलं.

"पूर्ण?"

दादांनी पूर्ण सांगितलं. आडनावासकट. ते कधीच खालच्या आवाजात सांगत नाहीत.

"गावातच राहता?"

"भीमनगरात."

"अच्छा, अच्छा," निळं जाकीट हसलं. हसतच त्यानं जार उचलला. बाकीचं मी वर सांगितलं आहे. पाणी ओतून झालं तेव्हा तो माझ्याकडं वळला.

"जार स्वच्छ वाटला नाही मला. आणि पाटील, एक सांगू? निदान पाणी तरी आपल्यातल्या माणसाकडून आणवत जा हो. गाडीत बाटल्या आहेत, चालवून घेऊ आज."

"चुकलं, सर," मी म्हणालो.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण माझं तोंड. "आमच्या ऐंशी खोल्यांत पाण्याला वेगळा माणूस होता, सर," असं म्हणून मी हसलो. सगळे हसले.

तेव्हा दादा पुढं आले. हात जोडले. माझ्याकडं बघून म्हणाले,

"पाटील, म्या दुसरं पानी आनू का जी? तुमी म्हनाल तसं."

मला. पोटच्या पोराला. तुमी. जी.

मला वाटलं, आता कडा कोसळेल. निदान एखादा दगड तरी सुटेल. काही झालं नाही. खडकावरचं पाणी फटीत जिरत होतं. मी म्हणालो, "राहू दे."

मग मी कडा चढलो. वर जाऊन दोर बांधला. गाठी हातांनीच मारल्या, मी तिथं नव्हतो. दातांच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल आपला राहत नाही, तसा मी सगळाच माझा राहिलो नव्हतो. खालून "पाटील, तयार?" यायचं. वरून कुणीतरी "तयार" म्हणायचं. अकरा माणसं मी वर घेतली. घोड्याच्या टापेची गोष्ट एकदाही सांगितली नाही. कुणी विचारलं तर म्हणालो, खळगा आहे.

निळं जाकीट त्या खळग्याच्या वरच घसरलं. सगळा भार दोरावर आला. दोर माझ्या कमरेला ओढ देऊन ताठ झाला. तो हवेत लटकत ओरडत होता, "पाटील! पाटील! सोडू नको!" मी धरून होतो. धरायचं की नाही, हा विचार मनात आला नाही. हे खरं सांगतो. राग नव्हता, दया नव्हती. दोर ताठ झाला की धरायचा, हातांना एवढंच माहीत होतं.

वर आल्यावर त्यानं मला मिठी मारली. घामानं थबथबलेला होता. म्हणाला, "वा पाटील! हे शिकून येत नाही. हे रक्तातच असावं लागतं. पाटलाचं रक्त आहे ना!"

मी खाली बघितलं. दादा झाडाखाली बसले होते. भरलेल्या जारावर त्यांनी एक हात ठेवला होता. ते गेले नव्हते. माझं काम संपेपर्यंत त्यांना तिथून उठता येत नव्हतं. उठले असते तर लोकांना कळलं असतं, ह्या म्हाताऱ्याला काहीतरी लागलं म्हणून. आणि का लागलं, ते कुणीतरी विचारलं असतं.

दुपारी उतरायला सुरुवात करायची होती. निळं जाकीट पहिलं आलं. मी त्याचा पट्टा तपासला, गाठ तपासली, दोनदा ओढून बघितली. तो कडेला उभा राहिला आणि रीतीप्रमाणं म्हणाला,

"पाटील, तयार?"

मी दोर धरून तसाच उभा राहिलो.

"पाटील? तयार का?"

"त्या नावाचा माणूस इथं न्हाय, सर."

त्याला वाटलं, मी थट्टा करतोय. मी थट्टेखोरच ना.

"दोर धरायला मी हाय," मी म्हणालो. आणि माझं नाव सांगितलं. माझं, बापाचं, आडनाव. "खाली पाणी घेऊन आलेत ते माझे वडील. माझं नाव घ्या, मी तयार म्हणतो. दोर पक्का हाय. घाई न्हाय."

वारं चाललं होतं. मागं दहा माणसं उभी होती. तो हसला. मग हसायचा थांबला. "हे बघ, मी जात वगैरे मानत नाही," तो म्हणाला. "पण ही फसवणूक आहे."

"व्हय. फसवणूकच हाय. म्या केली. आता नाव घ्या."

"आणि नाही घेतलं तर?"

"मागच्या अंगानं पायवाट हाय. दोन तास लागतात. बाभळी लई हायत, पर कुणाचं नाव घ्यावं लागत न्हाय."

मला वाटलं होतं, तो नाव घेईल. पुटपुटत का होईना, घेईल. चार शब्दांची तर गोष्ट होती. त्यानं पट्ट्याची कडी उघडली, दोर खाली टाकला आणि पायवाटेला लागला. त्याच्यामागं आणखी सहा जण गेले. काहींच्या बाटल्या रिकाम्या होत्या, तरी गेले. त्यातल्या एकानं जाताना माझी नजर चुकवली. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही.

चार उरले. त्यात लोहाऱ्याच्या शाळेत शिकवणाऱ्या एक मुसलमान बाई होत्या. पुढं येऊन म्हणाल्या, "पुन्हा एकदा सांगा, भाऊ. सगळं सांगा. मला चुकीचं घ्यायचं न्हाय."

मी सांगितलं. त्या कडेला गेल्या आणि वर्गात हजेरी घ्यावी तसं खणखणीत माझं नाव घेतलं. दादांचं नाव त्यात आलं. आडनाव आलं.

"तयार?"

"तयार."

खाली दादा उठून उभे राहिले होते. तेवढ्या उंचीवरून चेहरा दिसत नाही. दिसला असं मी लोकांना सांगतो, पण दिसला नव्हता.

सरांचा फोन मी येडशीत पोचायच्या आत आला. उद्यापासून येऊ नको, पट्टे आणि दोर जमा कर. केले.

दादा मोटरसायकलवर मागं बसले होते. रिकामा जार आणि भरलेला जार, दोन्ही बांधून घेतले होते. अर्धी वाट सरली. मग म्हणाले, "पट्टा बांधायला चांगला शिकलास."

मी म्हणालो, "दादा, तुमी का म्हणालात तसं? जी म्हणून?"

"तुझं काम जाऊ नये म्हनून."

त्यांनी घसरणारा जार सावरला. मग म्हणाले, "म्हनलो एकदा. माझ्या बापानं जलमभर म्हनलं, म्या एकदा. आता परत माझ्यावर ती येळ आनू नको."

ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

आता मी माझा स्वतःचा दोर टाकतो. त्याच कड्यावर. पाव्हणे कमी येतात. कंपनीनं माझ्याबद्दल काय काय पसरवलंय, ते मला माहीत आहे. त्यात थोडं मीच पसरवलंय असं सांगितलं असतं, पण ते खोटं आहे. कडा मी अजून दीड हजार फुटांचा सांगतो, कड्याची इभ्रत जात नाही. पण पट्टा बांधायच्या आधी सगळ्यांना समोर उभं करतो आणि माझं पूर्ण नाव सांगतो, बापाचं सांगतो, आडनाव सांगतो, वस्ती सांगतो. पाणी दादा आणतात. ज्यांना हे चालत नाही, त्यांनी तिथूनच माघारी जायचं.

कड्यावर कुणी घसरलं तर मी धरणार. तो मला काय म्हणून ओरडतोय, ते बघणार नाही. पण दोन्ही पाय जमिनीवर असलेल्या माणसानं मला दुसऱ्या नावानं हाक मारली, तर मी वळणार नाही. आणि माझ्या बापाला हात जोडायला लावणाऱ्याला माझ्या दोरावर जागा नाही. तो मी स्वतः असलो तरी नाही.