दोराला दोन्ही हात

दीनानाथ तळपदे हा माणूस मुळातच भित्रा होता आणि ते त्याला स्वतःलाही मान्य होतं. तारवाला दारात आला की आधी तो देवाचं नाव घ्यायचा, मग सही करायचा. साहेबांनी बोलावलंय म्हटलं की सदऱ्याची बटणं दोनदा तपासायचा. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये त्याने कधी साधा खिळा ठोकला नाही, कारण भिंत सरकारची. त्याच्या बायकोने, कुमुदने, शेवटी देवाची तसबीर टेबलावर भिंतीला टेकवून ठेवली होती.

पण वर्षातून एक दिवस हाच दीनानाथ वाघ व्हायचा. मराठी मंडळाच्या गणपतीचं विसर्जन यमुनेवर असायचं आणि मिरवणुकीभोवतीचा दोर त्याच्या ताब्यात असायचा. दिल्लीच्या रस्त्यावर ढोल वाजला की बघे नुसते बघत नाहीत, आत घुसून नाचायला लागतात. आत बायका, म्हाताऱ्या, पोरंबाळं. म्हणून चारी बाजूंनी जाड दोर आणि तो धरून चालणारी आपली माणसं. दीनानाथचा नियम एकच होता: दोराला दोन्ही हात. कुणी घाम पुसायला एक हात काढला तरी तो खेकसायचा. मंत्रालयातले बडे अधिकारीसुद्धा त्या दिवशी मुकाट्याने ऐकून घ्यायचे.

अडुसष्ट सालच्या सप्टेंबरात, विसर्जनाच्या गुलालाचे डाग सदऱ्यावरून अजून गेले नव्हते तेव्हा, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी एक दिवसाच्या संपाची हाक दिली. महागाई वाढत होती आणि पगार जागच्या जागी होते. सरकारने वटहुकूम काढून संप बेकायदा ठरवला. सामील होईल त्याला अटक. आणि जो टेम्पररी आहे त्याची नोकरी तर गेल्यातच जमा. कचेरीच्या बोर्डावर नोटीस लागली. दीनानाथने ती वाचली आणि घरी येऊन भर दुपारी दाराला आतून कडी लावली.

स्वतःचं त्याने ठरवून टाकलं होतं. संपाच्या दिवशी तो तापाने फणफणणार होता. घोर होता तो श्यामकांतचा. श्यामकांत त्याचा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर दीनानाथनेच त्याला साताऱ्याहून दिल्लीला आणलं, शिकवलं आणि आपल्याच खात्यात चिकटवलं. नोकरी अजून टेम्पररी होती आणि डोकं कायम तापलेलं.

"अर्ज केले, काळ्या फिती लावल्या, लंचमध्ये घोषणा दिल्या," जेवता जेवता श्यामकांत म्हणाला. "काय झालं, दादा? बिल्कुल काही नाही. परवा कॅन्टीनच्या काचा फुटल्या, तेव्हा सगळे ऑफिसर धावत बाहेर आले की नाही? या लोकांना काच फुटल्याशिवाय ऐकूच येत नाही."

"काच फुटली की पोलीस येतात," दीनानाथ म्हणाला.

"येऊ देत ना. आम्ही पण तयारी ठेवलीय."

ती तयारी काय आहे हे दीनानाथला ठाऊक होतं. कचेरीच्या मागे नव्या इमारतीचं बांधकाम चाललं होतं. तिथल्या विटांचे तुकडे भिंतीच्या आडोशाला रचून ठेवलेले त्याने पाहिले होते, आणि पाहिल्याचं कुणालाही सांगितलं नव्हतं. आता त्याने हातातला घास ताटात परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुमुद दुधाच्या बाटल्या घेऊन आली ती पांढरीफटक होऊन. समोरच्या ब्लॉकमधल्या भसीनसाहेबांना, युनियनच्या म्हाताऱ्या सेक्रेटरींना, पोलीस पायजम्यावरच गाडीत घालून घेऊन गेले होते. दुधाच्या रांगेतल्या कुणी ब्र काढला नाही. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या तेवढ्या एकेक करून बंद झाल्या.

"तुम्ही आजारी पडायचं नाही," कुमुद म्हणाली. "भावजी ऐकणार नाहीत, ते जाणारच. तुम्ही त्यांच्या बाजूला उभे राहा. त्यांच्या हातात दगड दिसला की नोकरीही गेली आणि भावजीही गेले."

दीनानाथ दिवसभर फायलीत डोकं खुपसून बसला. अक्षर दिसत नव्हतं. बूट वाजले की तो दचकायचा. आणि अशा भेदरलेल्या अवस्थेत त्याला ती कल्पना सुचली. ज्याचे दोन्ही हात दोराला आहेत तो दगड कशाने मारणार? बाहेरचा कुणी टवाळ आत घुसू शकणार नाही, पोलिसांनाही दिसेल की ही गरीब माणसं एका जागी गुमान बसलीत. कुणी म्हणेल, हा केवढा अहिंसेचा विचार. छे. विचारबिचार काही नव्हता. शांततेने केलं की मार बसत नाही, अशी त्याची साधी समजूत होती. युनियनच्या उरलेल्या लोकांना मात्र ते फार पटलं. मिरवणुकीचा दोर तसाही दीनानाथच्याच घरी, पलंगाखाली असायचा.

श्यामकांत हसला. "दादा, विसर्जन आहे का हे?"

"माझ्या शेजारी उभा राहशील. दोराला दोन्ही हात. काहीही झालं तरी सोडायचा नाहीस. शब्द दे."

दोराच्या बाबतीत दादापुढे बोलायचं नाही, ही श्यामकांतला शाळेपासूनची सवय. तो म्हणाला, "अच्छा. दिला शब्द. पण एकदाच. हे फसलं तर पुढच्या वेळी मला अडवायचं नाही."

संपाच्या दिवशी सकाळी कचेरीच्या फाटकासमोर माणसं बसली, भोवती दोर ताणला गेला आणि तो धरून काही जण उभे राहिले. समोर पोलिसांची रांग होती, हातात लाठ्या. दीनानाथच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि स्वतःच्याच नियमामुळे त्याला तो पुसता येत नव्हता. कर्ण्यावरून सूचना झाली, "आप लोग हट जाइए." कुणी हललं नाही. घोषणा चालू राहिल्या. ऊन चढलं, पोलिसांपैकी एकाने जांभई दिली. दीनानाथला वाटलं, जमलं. त्याने शेजारी पाहिलं. श्यामकांतच्या मुठी दोरावर घट्ट होत्या.

तेवढ्यात बांधकामाच्या बाजूने विटेचा एक तुकडा त्यांच्या डोक्यांवरून गेला आणि एका शिपायाच्या तोंडावर बसला.

"आपल्यातला कुणी नाही," श्यामकांत ओरडला. "हमारा आदमी नहीं है." ते ऐकायला कुणी थांबलं नाही. लाठ्या उचलल्या गेल्या, रांग धावत आली.

"दोर सोडू नका," दीनानाथ ओरडला. "दोन्ही हात. दोन्ही हात."

हे तो ओरडला खरा. मग पहिली लाठी त्याच्या डाव्या बाजूच्या माणसाच्या पाठीत बसली, हाड वाजल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर काय झालं ते त्याला नीट कळलं नाही. कळलं तेव्हा तो रस्त्यापलीकडच्या चहाच्या खोपटामागे उकिडवा बसला होता. एक चप्पल कुठे तरी गेली होती. फळ्यांच्या फटीतून समोरचं दिसत होतं.

दोर बऱ्याच ठिकाणी जमिनीवर पडला होता. काही जणांनी मात्र तो अजून धरला होता. त्यांत श्यामकांत होता. डोक्यावर काठी येताना दिसली की माणसाचे हात आपोआप वर जातात. श्यामकांतचे गेले नाहीत. दीनानाथने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पहिल्या काठीला पाहिलं, दुसरीलाही. त्याला हाक मारायची होती, 'सोड, श्याम, सोड' असं म्हणायचं होतं, पण तोंडातून आवाज फुटला नाही. हाक मारली असती तर पोलिसांना कळलं असतं, खोपटामागे कोण आहे.

संध्याकाळी इस्पितळात श्यामकांतचं डोकं पट्ट्यांनी बांधलेलं होतं. डावा डोळा वाचेल की नाही ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. खाटेशी एक शिपाई बसला होता. श्यामकांतवर दंगलीचा गुन्हा दाखल झाला होता. कुमुद पायांशी बसून त्याच्या तळव्यांना हात लावून बघत होती. ते दोराने सोलून निघाले होते.

दीनानाथ दाराशीच घुटमळला. श्यामकांतने उघड्या डोळ्याने त्याला पाहिलं.

"दादा, मी सोडला नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "तुला सांगू? दगड मारणं सोपं होतं रे. हे फार अवघड आहे. तू म्हणालास म्हणून उभा राहिलो. म्हटलं, दादासारखा भित्रा माणूस शेजारी उभा आहे, तर मला काय धाड भरलीय."

दीनानाथ दाराची कडी चाचपत राहिला.

"तुला कुठं लागलं?" श्यामकांतने विचारलं.

कुमुदनेही मान वर करून पाहिलं. सकाळपासून तिने हे विचारलंच नव्हतं. दीनानाथच्या सदऱ्याची इस्त्रीसुद्धा बऱ्यापैकी शाबूत होती. त्याने हात पाठीमागे घेतले. साहेबाला, नोटिशीला, पोलिसाला आयुष्यभर भ्यालेला हा माणूस त्या दिवशी पहिल्यांदाच आपल्या धाकट्या भावाला भ्याला.

"पाठीत," तो म्हणाला. "थोडंसं."

"दाखवा," कुमुद म्हणाली आणि उठून त्याच्याकडे आली.