मालेबूसाचं बाहुलं

"आगं पोरी, त्येला असं पालथं नको टाकू. नाकातोंडात भुसा जाईल."

"म्मे, बाहुलं हाय ते. नाक कुठाय त्येला?"

"नसंना. तुझं तरी कुठं एवढं मोठं लागून गेलंय!"

लिम्फो हसली. म्हाताऱ्या बाईला आमच्यात म्मे म्हणतात, आई. राजधानीतनं, मासेरूहून गाडी घेऊन आलेली ही पोरगी सकाळपासून संग्रहालयातली खेळणी भरत होती. मी खोकी ठोकत होतो, आणि म्हातारी मालेबूसा झाडू घेऊन दोघांच्या मधे मधे करत होती.

संग्रहालय कसलं, आता नुसत्या भिंती. खोआबाने मास्तरांनी डोंगरातली गावं तुडवून जुनी खेळणी या आपल्या घरात गोळा केली होती. मास्तर गेले, पोराला या पसाऱ्याचं काही वाटेना. त्यानं खेळणी मासेरूच्या मोठ्या संग्रहालयाला देऊन टाकली आणि घर शवपेट्यांच्या दुकानाला. आमच्याकडं तोच धंदा तेवढा तेजीत.

लिम्फोच्या हातातलं ते बाहुलं मालेबूसाचं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

सून घरात आली की सासरची माणसं तिला होणाऱ्या पोराच्या नावानं हाक मारतात. हिच्या आजेसासऱ्याचं नाव लेबूसा. म्हणून ही मालेबूसा, लेबूसाची आई. नाव आधी, पोर मागनं. हिचं मागनं आलंच नाही. मग पोर व्हावं म्हणून सासूनं रिवाजाप्रमाणं टिनाच्या नळकांड्याला मण्यांच्या माळा गुंडाळून बाहुलं करून दिलं. त्याचं नाव लेबूसा. हिनं ते पाठीला बांधलं, पाणी भरलं, मका खुरपला. असल्या बाहुल्याला कुणी हसत नाही. पोर झालं की बाहुल्याचं नाव पोराला जातं.

तेवढ्यात सरहद्दीपलीकडनं, वेल्कोमहून निरोप आला. खाणीत गेलेल्या नवऱ्याला तिकडच्या बाईपासून मुलगा झाला, आणि त्यानं नाव ठेवलं लेबूसा.

संपलं. इकडं बाहुलं बिननावाचं झालं आणि हिला हाक तीच राहिली, परक्या बाईच्या पोराची आई. नवरा काही परतला नाही. हिनं बाहुलं मास्तरांना देऊन टाकलं, आणि चार दिवसांत तिथंच झाडलोटीला लागली. ते एक काचेचं कपाट ती असं पुसायची की काच झिजंल वाटायचं.

"म्मे," लिम्फोनं आवाज उतरवला, "तुमचंच ना हे? घिऊन जा घरी. मी कुणाला सांगत न्हाई."

मालेबूसानं झाडू भिंतीला टेकवला. मला राहवेना. म्हटलं, "ने की गं. म्हातारपणी दिवस गेले म्हणून सांगू गावात."

"तुझ्या दाढंला आग लागली!"

पण हात पुढं आला. बाहुलं घेतलं, अंगावरच्या घोंगडीची पिन सोडली, वाकली आणि त्याला पाठीवर घेतलं. बायका जसं न बघता लेकरू बसवतात, अगदी तसं. उभी राहिली. एकदा दाराकडं बघितलं. दारापलीकडं तिची खोपी दिसते, कडी लावलेली.

मग परत वाकली आणि त्याला काढलं.

"पाठीवर बसायचं वय कवाच सरलं ह्येचं. माझ्याजवळ एकटं बसून काय करंल? मी मेले की ह्याच दुकानातनं मला पेटी आणतील आणि ह्येला चुलीत घालतील."

"मग ह्या बाहुल्यांत ठेवू?" लिम्फोनं विचारलं.

"पोरींत? आगं, पोरगं हाय ते! तिकडं दे."

तिकडच्या खोक्यात मातीचे बैल होते, गुराखी पोरांनी नदीकाठी बसून केलेले. आमच्यात पोरगा हाताशी आला की गुरं घेऊन वर डोंगरातल्या गोठ्यावर जातो. आया काही दिवस दारात उभ्या राहतात, मग कामाला लागतात.

"न्हाई म्मे, बैलांची शिंगं मोडतील."

"गुराख्याच्या हातनं शिंग मोडतंच. तुझ्या भावानं मोडलं न्हाई कधी?"

लिम्फोला भाऊ होते. तिनं बैल थोडे सरकवले, मधे जागा केली. मालेबूसानं बाहुलं त्यांच्यात उभं केलं, पालथं नाही की उताणं नाही. वाकून त्याला काहीतरी म्हणाली. मला एवढंच ऐकू आलं, "लेबूसा."

मी झाकण ठेवलं. पहिला खिळा वाकडा गेला.

गाडी वळणाआड गेली तरी मी दारात उभा होतो. मागनं झाडूचा दांडा पोटरीला लागला.

"व्हय बाजूला. एवढा भुसा करून ठिवलाय, तो कोण उचलणार? माझी सून?"

मी सरकलो. ती कोपऱ्यापासून झाडत आली.