दात दाखवायला गेले, चट्टा घेऊन आले

आमच्या घरात कुणाचाही दात दुखत नव्हता, म्हणून आम्ही तिघं दातांच्या डॉक्टरकडे गेलो.

कल्पना ह्यांची. आमचे हे शाळेत शास्त्र शिकवायचे आणि वर्गात जे शिकवायचे ते घरी करूनही बघायचे (त्यामुळे आमच्याकडे पाणी उकळायचं, गाळायचं, निववायचं, तोवर पाहुणा तहानलेलाच निघून जायचा!). सत्तर सालानंतरची ही गोष्ट. मुंबईत शिकून आलेल्या एका तरुण डॉक्टरनं बाळीवेशीजवळ दातांचा दवाखाना काढला होता. सोलापुरात तेव्हा दोन रात्री तळमळल्याशिवाय आणि गालाला फडकं बांधल्याशिवाय कुणी अशा दवाखान्याची पायरी चढत नसे.

"दुखत नसतानाच दाखवायचे असतात दात!" हे म्हणाले.

"दुखत न्हाई तर दावायचं काय त्येला? हसून यायचं का नुस्तं?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना मी आत्याबाई म्हणायची.

मला मात्र दात दाखवायचेच नव्हते, कारण मी चोरून मिश्री लावत होते.

मोहोळजवळच्या माझ्या माहेरच्या गावात ह्यात चोरण्यासारखं काही नव्हतं. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, आणि दात घासायला म्हणून बोटावर घ्यायची. दात घासून होतात, बोट मात्र दिवसभर तोंडातच राहतं! पण आत्याबाईंना मिश्रीचा भयंकर तिटकारा. मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी स्वयंपाक विचारला नाही, शिवणटिपण विचारलं नाही. एकच प्रश्न केला, "पोरगी मिश्री लावती का?"

"छे, छे!" माझे वडील म्हणाले. "तिला वासबी सोसत न्हाई!"

मी तेव्हा आतल्या खोलीत घाईघाईनं चूळ भरत होते.

लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि वडलांचा शब्द मी प्राणपणानं जपला होता. न्हाणीघराच्या फळीवर माझा एक वेगळा पत्र्याचा डबा होता. "माझी माहेरची शिकेकाई हाय, मला दुसरी चालत न्हाई," असं मी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. त्यात आईनं पाठवलेली मिश्री असायची. माझी न्हाणीघरात इतकी ये-जा असे की शेजारणी मला फार स्वच्छ समजत.

तर त्या दिवशी मी अकरा वेळा चूळ भरून दवाखान्यात गेले. ह्यांचे दात झाले, आत्याबाईंचे उरलेसुरले झाले, मग मी खुर्चीत बसले. डॉक्टरनं छोटा आरसा फिरवला. "दात चांगले आहेत," तो म्हणाला. मी उठायला लागले.

"बसा बसा. तोंड उघडलंच आहे तर सगळंच बघून घेतो. मी सगळ्यांचंच बघतो."

त्यानं ओठ उलटा केला. गाल ताणला. जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली, डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. जबड्याखाली चाचपलं. परत खालच्या ओठाकडे आला आणि तिथंच थांबला.

"ताई, इथं आत पांढरा चट्टा आहे. तंबाखू खाता?"

"न्हाई."

"मिश्री लावता?"

आत्याबाई खुर्चीला खेटून उभ्या होत्या. माझ्या डोळ्यांसमोर वडलांचा चेहरा आला.

"न्हाई!"

मला वाटलं, डॉक्टर खूश होईल. त्याचा चेहराच उतरला. "मिश्री असती तर म्हटलं असतं, बंद करा, बहुतेक वेळा जातो असा चट्टा. पण काहीच सवय नाही आणि तरी चट्टा आहे, हे मला बरं वाटत नाही. पंधरा दिवसांनी या. तसाच असला तर बारीक तुकडा काढून तपासायला पाठवू."

"कशासाठी?" ह्यांनी विचारलं.

डॉक्टरनं आरसा खाली ठेवला. "कॅन्सर नाही ना, एवढी खात्री करायला."

आत्याबाईंनी भिंत धरली. मी तोंड उघडं ठेवूनच बसून राहिले. आता मिटलं तरी चालेल, हे मला कुणी सांगितलंच नाही!

त्या दिवसापासून मी भीतीनं अर्धी झाले. खरं सांगितलं तर वडील खोटे पडतात, आणि आत्याबाई मला मोहोळच्या गाडीत बसवतात. नाही सांगितलं तर ओठाचा तुकडा जातो, आणि पुढं काय काय जातं देव जाणे. बरं, मिश्रीचाच चट्टा आहे म्हणावं तर गावातल्या साऱ्या बायका मिश्री लावत होत्या, त्यांचे ओठ कुणी उलटून पाहिले होते? खरंच कॅन्सर असला तर? भाकरी थापताना मला रडू यायचं. माझ्यामागं हे दुसरं लग्न करतील, ती बाई मिश्री लावत नसेल आणि आत्याबाई तिचं फार कौतुक करतील, ह्याचंही रडू यायचं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, भीती वाटली की मला मिश्री लागायची! सकाळी शपथ घ्यायची, दुपारपर्यंत चार वेळा शिकेकाईला जाऊन यायचं.

हे सकाळ-संध्याकाळ विजेरी आणि शाळेची पट्टी घेऊन माझा ओठ मोजायला लागले. "काल ज्वारीच्या दाण्याएवढा होता," एके दिवशी हे हळूच म्हणाले, "आज तुरीच्या डाळीएवढा वाटतो." मी घाबरून न्हाणीघरात गेले. परत आले तेव्हा मला वाटलं, आता तो हरभऱ्याएवढा झाला असणार.

आत्याबाईंचं तर बघवेना. तीन वर्षांत कधी "जेवलीस का" म्हणाल्या नव्हत्या, त्या आता माझ्यासाठी हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर, शिजवायला लागल्या. कडक भाकरी माझ्या तोंडाला टोचेल म्हणून दुधात भिजवून द्यायच्या. वर त्यांनी सिद्धरामेश्वरापुढं नवस बोलला, "सुनंच्या तोंडाचं बरं होईस्तोवर मी च्या पिणार न्हाई." आत्याबाईंचा चहा म्हणजे दिवसाला सहा कप! त्यांनी तो एका दिवसात सोडला. आणि मी, जिचा जीव टांगणीला लागला होता ती, चिमूटभर पूड सोडू शकत नव्हते. मला माझी लाज वाटायची, आणि लाज वाटली तरी मला मिश्री लागायची.

सहाव्या दिवशी आत्याबाई म्हणाल्या, "बस हितं. आज तुजं डोस्कं मी धुती."

"नको ओ आत्याबाई, मी धुती की!"

"गप. किती दिस राहिल्यात..." एवढंच बोलून त्यांनी डोळ्याला पदर लावला, आणि त्याच हातानं फळीवरचा माझा डबा काढला. "तुज्या म्हायारचीच शिकेकाई घालती."

मी किंचाळणार होते. पण किंचाळून सांगणार काय? मला वाटलं, झाकण उघडताच त्यांना वास येईल. पण माझ्यासाठी सहा दिवस रडून रडून त्यांचं नाक पार चोंदलं होतं! न्हाणीघर अंधारं, त्यात वाफ. त्यांनी दोन मुठी मिश्री गरम पाण्यात कालवली आणि माझ्या डोक्यावर थापली.

"लई काळी हाय की गं ही."

"तिकडं... तशीच असती."

त्या मायेनं चोळत होत्या, हळूहळू, अगदी केसांच्या मुळांपर्यंत. पहिल्यांदा मला बरं वाटलं. मग जरा जास्तच बरं वाटलं. मग भिंत फिरली, बंब फिरला, आत्याबाई फिरल्या, आणि मी पाटावरून कलंडले.

"अय्यो शिवा! एनायतु? काय झालं गं? आरं, धाव रे! डोस्क्यात चढला तिच्या त्यो कॅन्सर!" घाबरल्या की आत्याबाई अर्ध्या कानडीत ओरडायच्या.

हे शाळेत निघाले होते, ते एका पायात चप्पल घालून आले. मला चादरीत गुंडाळलं, टांग्यात घातलं. डोक्यावरून काळं पाणी ठिबकत होतं आणि मला खात्री पटली होती की आपण मरतोय. टांगेवाला मात्र वळून वळून नाक वर करत होता.

डॉक्टर माझ्या डोळ्यांत बघायला वाकला आणि झटकन मागं सरला. "ह्यांच्या डोक्याला तंबाखूचा वास कसा?"

"तंबाखू कुठली? शिकेकाई हाय ती, तिच्या म्हायारची!" आत्याबाईंनी आपला हात हुंगला. त्यांना काहीच कळेना. मग हे वाकले. ह्यांना कळलं.

"मिश्री हाय ती!" मी हंबरडा फोडला. "तीन वरसं चोरून लावतीया! माजा बा खोटं बोलला, मीबी खोटं बोलली. मला घालवून द्या, पर मला मरायचं न्हाई ओ!"

मग डॉक्टर स्टुलावर बसला आणि त्यानं मोठा श्वास सोडला. "ताई, बरं झालं!" ह्यांच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. बायकोचं व्यसन कळल्यावर इतका आनंद झालेला नवरा मी तरी दुसरा पाहिला नाही!

डॉक्टरनं तिथल्याच नळाखाली माझं डोकं तीनदा धुवायला लावलं. "मिश्री आजपासून बंद. सहा आठवड्यांनी बघू," तो म्हणाला. "पण चट्टा गेला नाही तर तुकडा काढायचाच. त्यात लपवाछपवी नको." म्हणजे भीती अजून सरली नव्हतीच.

आत्याबाई आता मला मोहोळच्या गाडीत बसवतील म्हणून मी वाट बघत होते. त्या एवढंच म्हणाल्या, "नवस मोडायचा न्हाई. हिच्या तोंडातला चट्टा जाईल तवाच मी च्या घेईन."

त्यापेक्षा त्यांनी मला चार फटके मारले असते तर बरं! रोज दुपारी तीनला आत्याबाई कपाळाला पट्टी बांधून माझ्यासमोर बसायच्या आणि नुसत्या बघायच्या. माझं बोट शिवशिवायचं, त्यांचं डोकं ठणकायचं. मी मिश्रीशिवाय घर डोक्यावर घ्यायची, त्या चहाशिवाय. हे बिचारे शाळेत उशिरापर्यंत थांबायला लागले. पण मी डब्याला हात लावला नाही. मरणाची भीती होतीच, पण खरं सांगायचं तर त्या कपाळावरच्या पट्टीची भीती जास्त होती.

सहा आठवड्यांनी डॉक्टरनं ओठ उलटला. बराच वेळ बघितलं.

"चट्टा दिसत नाही," तो म्हणाला. "तरी दर सहा महिन्यांनी यायचं. आणि आता खरं सांगा, काही सवय?"

"न्हाई!" मी ठासून सांगितलं.

डॉक्टरनं लेखणी हातात घेतली, पण लिहिलं नाही. त्यानं आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाई उठल्या, माझ्यामागं आल्या, माझ्या डोक्यावरचा पदर बाजूला केला आणि माझं डोकं चांगलं दोनदा हुंगलं.

"लिवा डॉक्टर," त्या म्हणाल्या. "आज खरं बोलतीया."