शनिवारी जास्त वितळणारा बर्फ

“सर, तुमच्या बॅलन्स शीटमध्ये ‘बर्फ गेला कुठे’ अशी एक ओळ आहे. ही कशात मोडते?”

बँकेच्या मॅडम फोनवर अगदी शांतपणे विचारत होत्या. मी फाइल उघडली. ओळ होती. काम करताना स्वतःपुरतं लिहिलेलं काढायचं राहून गेलं होतं, आणि फाइल तशीच बँकेत पोचली होती. अलिबागेत सीए म्हणून केस पिकले, पण बॅलन्स शीटलाच प्रश्न विचारायला लावणारा मी पहिलाच असेन.

“टायपिंग मिस्टेक आहे, मॅडम.”

“पुढचा आकडापण?”

मी तो आकडा पुन्हा वाचून पाहिला.

“सोमवारपर्यंत दुरुस्त करून द्या. नाहीतर तुमच्या पार्टीचं लोन पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल.”

पार्टी म्हणजे तीन भावंडं. थोरल्या अण्णांची रेवदंड्याला बर्फाची फॅक्टरी. धाकट्या बाळाशेठची अलिबागजवळ मासळीची कंपनी; मासळी बर्फात भरून मुंबईला पाठवायची. मधल्या सुमनताईंचा नागावला होमस्टे, तीही कंपनीच. तिघांना मिळून कोल्ड स्टोरेज बांधायचं होतं. पाया खणून तयार होता. बँकेला तिन्ही कंपन्यांचा एकत्र हिशेब हवा होता. याला आम्ही कन्सॉलिडेशन म्हणतो.

नियम सोपा आहे. आपापसातली खरेदी-विक्री एकमेकांसमोर ठेवायची आणि काढून टाकायची. बायकोने मला चहा विकला आणि मी पैसे दिले, तर घराची कमाई वाढत नाही. (बायको म्हणते, एकदा देऊन तरी बघा.) पण काढायला दोन्हीकडचे आकडे जुळावे लागतात. इथे अण्णांनी विकलेला बर्फ आणि बाळाशेठनी घेतलेला बर्फ यांत मोठा फरक होता. तोच मी त्या ओळीत बसवला होता.

“माझ्या काट्यावर वजन करून गाडी सुटते,” अण्णा म्हणाले. “पुढं त्याच्या शेडवर काय होतं, मला काय म्हाईत?”

“अण्णाचा काटा अण्णाचंच ऐकतो,” बाळाशेठ म्हणाले.

हे दोघे मला वेगवेगळ्या ठिकाणी म्हणाले, कारण गणपतीपासून ते एकमेकांशी बोलत नव्हते. याच बर्फावरून. अण्णांनी तर फॅक्टरी वेगळी काढायचं माझ्या कानावर घातलं होतं. तसं झालं असतं तर त्या खड्ड्यात पावसाळ्यात बेडूक राहिले असते.

“वितळत असेल वाटेत,” मी म्हणून पाहिलं.

“एवढा? गाडीत काय चूल पेटवतात?” बाळाशेठ म्हणाले.

त्यांचं बरोबर होतं. मी दोन्हीकडच्या पावत्या तारखेप्रमाणे लावल्या. उन्हाळ्यात बर्फ जास्त वितळायला हवा. हा शनिवार-रविवारी जास्त वितळत होता. नाताळात तर भर थंडीत धो धो वितळला होता.

बर्फाला सुट्ट्या कळतात, हे मला पटेना. दुसऱ्या दिवशी शनिवारच होता. मी अण्णांच्या गाडीत ड्रायव्हर परशाच्या शेजारी जाऊन बसलो. चौल गेलं, नागाव आलं, आणि परशाने काही न बोलता गाडी सुमनताईंच्या फाटकात घातली. ताई घमेलं घेऊन उभ्याच होत्या.

“आज चार लाद्या काढ रे. पाहुणे हायेत.” मग त्यांना मी दिसलो. “अगबाई, साहेब. सरबत घेणार?”

“ताई, हा बर्फ रोज घेता?”

“मग? अण्णाची गाडी, बाळाचा बर्फ. घरचंच हाय ना.”

“लिहिता कुठे?”

“घरचं कोण लिहितं?”

मी दोन्ही भावांना फोन केला. ताईंनी जेवायला बोलावलंय, एवढंच सांगितलं. दुसराही येतोय, हे सांगितलं नाही. ओसरीवर समोरासमोर येताच दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी माडाकडे पाहिलं.

सगळं ऐकल्यावर ताई मधोमध उभ्या राहिल्या. “तू सोमवारी जेवायला येतोस, हा मंगळवारी. बोलत न्हाय म्हणून मी दोनदा वेगळा सैपाक करते. दोघं दोन-दोन ग्लास सरबत पिता. त्यात बर्फ काय समुद्रातून येतो?”

शेवटी मीच म्हणालो, “आता एवढंच करायचं. नागावला उतरला तेवढ्याचं बिल ताईंच्या कंपनीवर.”

अण्णांनी बाळाशेठकडे वळून पाहिलं. “बाळ्या, हिला बिल लावायचं?”

गणपतीनंतरचं हे पहिलं वाक्य.

“फॅक्टरी तुझी, अण्णा. तू लाव. मी न्हाय सांगणार तिला.”

“घाबरू नका,” मी समजावलं. “तिन्ही हिशेब एकत्र केले की हे बिल उडूनच जातं.”

“उडूनच जायचंय तर लावता कशाला?” ताईंनी विचारलं.

मी सरबत प्यायलो.

ताईंची पाहुण्यांची वही आणि परशाची आठवण जुळवून बिलं लावली. जो खरोखर वाटेत वितळला होता तो किरकोळ निघाला, त्याला खर्चात जागा मिळाली. ती ओळ गेली. सोमवारी मॅडमनी फाइल घेतली, शेवटपर्यंत वाचली आणि “बर्फ सापडला वाटतं” एवढंच म्हणाल्या. लोन झालं. भाऊ आता एकाच दिवशी जेवायला जातात. ताईंचा एक सैपाक वाचला, हा फायदा मात्र कुठल्याच शेड्यूलमध्ये दाखवता आला नाही. मी शिकलो ते इतकंच, की फरक कागदावर सापडला नाही तर क्लायंट जेवायला कुठे जातो ते बघावं.

घरी हे सगळं बायकोला रंगवून सांगितलं. गाडीत बसायची कल्पना माझीच, हे दोनदा सांगितलं. तिने कोथिंबीर निवडता निवडता ऐकून घेतलं.

“मे महिन्यात माझ्या भावाला घेऊन आपण ताईंच्या होमस्टेत राहिलो होतो, आठवतं? लाइट गेली होती, तरी सरबत गार. तुम्हीच विचारलंत, ताई, बर्फ कुठून आणता? त्या म्हणाल्या, अण्णाच्या गाडीतून. तुम्ही म्हणालात, वा, आणि तिसरा ग्लास मागितलात.”

मी कोथिंबिरीची जुडी माझ्याकडे ओढली.

“ती ओळ ठेवायला हरकत नव्हती,” ती म्हणाली. “फक्त पुढे तुमचं नाव घालायचं.”