पालखी अडवणारी दमयंतीबाई

दमयंतीबाईंबद्दल आमच्या वाडीत आजही कोणी धड बोलत नाही. मी बोलते. माझी नाळ त्यांनी कापली, आणि माझी आई गेली त्या दिवशी त्या आमच्याच दारापुढच्या खळ्यात बसून होत्या. तेव्हा बोलायचा हक्क मला आहे, बाकीच्यांनी गप्प बसावं.

बाई मूळच्या गुहागरच्या. विसाव्या वर्षी नवरा गेला, मग रत्नागिरीच्या इस्पितळात नर्सचं काम शिकल्या आणि लांज्याच्या वाटेवरच्या आमच्या गावात बाळंतपणं करायला आल्या. आधी बायका त्यांना दारात उभं करत नव्हत्या. मग कळलं की बाळंतिणीच्या खोलीत पाहिलेलं ही बाई बाहेर बोलत नाही. कोणाचा नवरा मुंबईहून कसला रोग घेऊन आला, कोणाचं मूल कोणाच्या वळणावर गेलंय, सगळं बाईंच्या पोटात. एवढ्या एका गोष्टीवर पन्नास घरांची दारं उघडली. माणसं काय हो, हुशारी बघून बोलावत नाहीत, तोंड बघून बोलावतात.

माझ्या आधी माझ्या आईची, हौसाची, तीन मुलं गेली होती. म्हणून आजोबा महिपत यांनी नवस केला, जगेल ते मूल शिमग्यात पालखीखालून काढीन. सन चोवीसच्या शिमग्याच्या तोंडावर मी जन्मले. बाळंतपणाचं सुवेर फिटलं, बारसं झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामदेवतेची पालखी आमच्या दारी यायची होती.

त्या दुपारी बाई आईला तपासायला आल्या. निघताना मागच्या पडवीत काळोखात कोणीतरी कण्हलं. तो भागोजीकाका, आजोबांचा धाकटा मुलगा, शिमग्यासाठी मुंबईहून आठ दिवस आधी आलेला. बाईंनी त्याच्या अंगावरचं कांबळं दूर केलं. तोंडभर फोड, तळहातांवर फोड. देवी आल्या होत्या. एरवी घरात देवी आल्या की दाराला कडुलिंबाचा टाळा बांधतात, पाहुणा बाहेरूनच परत फिरतो. आमच्या दाराला एक पान नव्हतं. टाळा बांधला की पालखी यायची नाही, म्हणून लपवलेलं सगळं.

आजोबांनी हात जोडले, फक्त उद्याचा दिवस गप्प राहा म्हणाले. आईने तर मला बाईंच्या मांडीवर ठेवलं, त्यांचा हात माझ्या डोक्यावर नेला आणि शपथ मागितली. बाईंनी हात काढून घेतला. उद्या अख्खी वाडी ह्या खळ्यात पालखी नाचवील, निम्म्या पोरांना देवी टोचलेल्या नाहीत, असं त्यांनी परोपरीने समजावलं. मग, संध्याकाळपर्यंत तुम्हीच मानकऱ्यांना सांगा, असं म्हणून गेल्या. आजोबांनी मान डोलावली आणि सांगितलं नाही. मान डोलावून मोकळं व्हायची आमच्या घराण्याला मेली खोडच आहे, माझ्या बापालाही होती.

सकाळी ढोल चार घरांवर आले. आई मला नवं झबलं घालून उंबऱ्यात उभी होती. पाणंदीत बाई पालखीला आडव्या उभ्या राहिल्या आणि ढोल थांबले.

"महिपतच्या घरात देवी आल्यात. पालखी पुढे नेऊ नका."

पालखी परत फिरली. रत्नागिरीहून देवी टोचणारा आला, घरोघर टोचून गेला. भागोजीकाका सहाव्या दिवशी गेला, वाडीत दुसरं कोणी गेलं नाही.

आणि वाडीने बाईंचे उपकार मानले म्हणता? कसले डोंबलाचे! आज महिपतचं सांगितलं, उद्या आमचं सांगेल, म्हणून एकेक दार बंद झालं. आईच्या मनाने तर वेगळंच घेतलं. दारातून देव परत गेला, आता ह्या घरावर काय येतंय बघा, असं ती येताजाता म्हणायची. मला जरा कणकण आली तरी रात्रभर उशाशी बसायची. तिला दिवस गेले तेव्हा घरात कोणाला आनंद झाला नाही.

दोन वर्षांनी ती अडली. मूल आडवं होतं. वाडीतली म्हातारी सुईण दोन दिवस तेल चोळत बसली. तिसऱ्या सकाळी बाई आपणहून पिशवी घेऊन आल्या. आजोबा बाजूला झाले, त्यांची रग तोवर संपली होती. पण आतून आईच बोलली.

"तिला आत घेऊ नका. ती नको मला."

बाईंनी दाराशी तोंड नेऊन तीनदा विचारलं, तिन्ही वेळा नकोच. मग त्या खळ्यात बसल्या. ऊन कलेपर्यंत आतून आईचं ओरडणं ऐकू येत होतं, मग ते थांबलं. मूलही गेलं.

हे सगळं मला आत्याने सांगितलं, माझं लग्न ठरलं तेव्हा. मी चौदा वर्षांची होते. तशीच तणतणत बाईंच्या घरी गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. देवाला अडवायची हिंमत होती तुमच्यात, मग एका बाळंतिणीला का घाबरलात? माझी आई मरत होती, आत का नाही गेलात?

बाई तांदूळ निवडत होत्या.

"पालखीच्या वेळी जीव वाडीचा होता," त्या म्हणाल्या. "इथे जीव तिचा, अंग तिचं. ती शुद्धीत होती आणि नको म्हणत होती."

मी रागाने उठले. बाहेर पडताना त्यांनी मागून हाक मारली. मान वर केली नव्हती.

"तुझ्या आईच्या दाराला कडी नव्हती, बाय. नुसतं लोटलेलं होतं."